शंभर दाणे, चार वाफे: आमच्या घरशाळेची वही

४ नोव्हेंबर

काल शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, पेरणाऱ्याचा दाखला झाला. येशूने सांगितलेली गोष्ट: काही बी वाटेवर पडून पक्षी खातात, काही खडकाळ जागी लवकर उगवून वाळतं, काही काट्यांत दबतं, आणि चांगल्या जमिनीतलं पीक देतं. घरी येताना गाडीवर पुढे बसलेली लेक म्हणाली, "त्यानं वाटेवर बी टाकलंच काहून? त्याच्यापाशी तिफण नव्हती का?"

सहा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न मला रात्रभर पुरला. तिने पेरणी पाहिली आहे ती आमच्या वावरातली: बैलांमागे तिफण, चाड्यावर काकाची मूठ, मागे सरत्यावर बायका. नळीतून दाणा तिफणीच्या ओळीतच पडतो, वाटेवर जाईल कसा? सकाळी तिला सांगितलं की येशूच्या मुलखात मुठीने फोकून पेरत आणि वावरातून लोकांची पायवाटही जात असे. तिने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. म्हणून ठरवलं की करूनच बघायचं. चार जागी चार वाफे, प्रत्येकात शंभर दाणे गहू.

ही वही कशासाठी ते आज एकदा लिहून ठेवते. जूनपासून लेक घरीच शिकते आहे. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, गुरुजी चांगले आहेत, तक्रार काही नाही. पण हात कामात असले की ही शिकते, हात मांडीवर ठेवून बसवली की मिटून जाते. माझं डी.एड. झालेलं आहे, नोकरी लागली नाही. आणि मला आणि ह्यांना वाटतं की प्रार्थना, अक्षरं, शेण-माती आणि आकडे तिला एकाच दिवसात, एकाच घरात मिळावेत. मामंजींना काळजी आहे, "पोरगी मागं पडली तं?" त्यांना सांगितलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी चौथं कलम आहे. शाळेत न गेलेल्या मुलाला पुढे त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक आम्ही सोडलेलं नाही. तेव्हा दार बंद होत नाही. पण काय शिकवलं ते दाखवता आलं पाहिजे, म्हणून ही वही.

शेजारून आलेले फराळाचे डबे परत करायचे होते. रिकामा डबा देत नाहीत म्हणून प्रत्येकात तीळ घातले. लेकीने सात डब्यांत पाच-पाच चमचे मोजले आणि पस्तीस झाले म्हणून स्वतःच सांगत आली. आजचं गणित तेवढंच.

७ नोव्हेंबर

वाफे आखले. मीटरची काठी करून दिली, पण तिने आधी स्वतःच्या वितीने मोजलं. तिच्या आठ विती म्हणजे जवळजवळ एक मीटर.

पहिला वाफा पांदणीच्या कडेला, जिथे बैलबंड्या जाऊन माती लाद्यांसारखी झाली आहे. दुसरा धुऱ्याजवळ, तिथे चार बोटं माती आणि खाली मुरूम. तिसरा गाजरगवत, हराळी आणि कुंद्याच्या जागेत. वरून कापून साफ केला, मुळं मुद्दाम तशीच ठेवली. चौथा विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत.

११ नोव्हेंबर

पेरणी. मामंजींनी कोठीतून लोकवनचं बी दिलं, निवडून. लेकीने बाटलीच्या झाकणात दहा-दहा दाणे मोजले, अशी चाळीस झाकणं. मध्ये दोनदा चुकली, दोनदा पहिल्यापासून मोजलं. मी मदत केली नाही. दीड तास लागला.

चौथ्या वाफ्यात दोन बोटं खोल पेरलं. पहिल्यात जमीन बोटाने उकरेना, म्हणून दाणे वरच राहिले. ती बाजूला बसून राहिली. दहा मिनिटांत साळुंक्या आल्या, मग होले, मग मुंग्यांची रांग. संध्याकाळी तिने मोजले तर ३७ दाणे उरले होते. "आई, ते खरंच खाऊन राह्यले!" ती दाखला ओरडत घरी आली, आणि मी तो पुन्हा सांगितला नाही.

पाणी सगळ्यांना सारखं, दहा-दहा लोटे. हे तिनेच ठरवलं. म्हणाली, नाहीतर मग कोणाले कमी भेटलं म्हणून नाही उगवलं असं होईन. प्रयोगात बाकी सगळं सारखं ठेवायचं असतं हे मला डी.एड.ला पाठ करावं लागलं होतं.

१६ नोव्हेंबर

सगळ्यांत आधी मुरमाचा वाफा उगवला! दाखल्यात हेच आहे, माती खोल नव्हती म्हणून लवकर उगवलं. मी लहानपणापासून हे वाक्य वाचत आले, पण ते असं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. दगड दिवसा तापतो, पातळ माती लवकर ऊब धरते. काळ्या वाफ्यात अजून काहीच नाही. लेक नाराज, कारण तिचा लाडका वाफा तोच.

१८ नोव्हेंबर

काळीतून वर आले. मोजले: ८८. गवताच्या वाफ्यात ८१, मुरमात ७४, वाटेवर ६. चार आकडे तिने पाटीवर लिहिले. ८ अजून उलटा काढते. अंगणातल्या राखेत बोटाने मोठा आठ दहा वेळा गिरवला.

२३ नोव्हेंबर

आज तिने न विचारता काळ्या वाफ्यातलं एक रोप उपटलं. मी रागावणार होते. ती हातात धरून आली, खाली गव्हाची रिकामी साल लोंबत होती, दाबली तर पोकळ.

"दाना मेला का हा?"

"हो."

"मंग हे हिरवं कोठून आलं?"

बायबलमधल्या योहानाच्या बाराव्या अध्यायातलं वचन माझ्या जिभेवर आलं होतं: गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. ते गिळलं. म्हटलं, तूच बघ. मग ओल्या फडक्यात वीस दाणे गुंडाळून ठेवले आणि रोज दोन सोलून पाहायचं ठरलं. आता दहा दिवस तेच चालेल. वचन कुठे पळून जात नाही.

२७ नोव्हेंबर

आठवडाभर शेतीपंपाची वीज रात्रीची आहे. हे अकराला वावरात गेले तेव्हा लेकही निघाली, गहू रात्री वाढतो का ते पाहायला. एका रोपाशेजारी काडी रोवून टोकाएवढी खूण केली होती. पहाटे पाहिलं तर रोप खुणेच्या वर गेलेलं. मार्काच्या चौथ्या अध्यायात एक छोटा दाखला आहे, आमच्या चर्चमध्ये त्यावर कधी प्रवचन ऐकल्याचं आठवत नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. चुलीजवळ बसून तो तिला वाचून दाखवला. "त्याले नाही कळत, पण मले कळलं. काडी लावली ना मी," ती म्हणाली.

१ डिसेंबर

वीस दिवस झाले. मुकुटमुळं फुटायची वेळ, हे पाणी चुकवायचं नसतं. एक रोप उपटून दाखवलं: बियाण्यापाशीची बारीक मुळं वेगळी, आणि जमिनीच्या लगत नवी जाड मुळं फुटताहेत ती वेगळी. मुरमाच्या वाफ्यात ती मुळं खाली जाऊन मुरमाला टेकली आणि आडवी झाली. तिथली रोपं पिवळी पडली आहेत. ७४ मधली ३१ उरली.

वाचन: 'गहू', 'माती', 'पाणी', 'वाफा' स्वतः वाचते. 'मुरूम' मध्ये अडकते.

८ डिसेंबर

आज जे झालं ते लिहायला जड जातंय, पण लिहिते.

गेल्या आठवड्यात शब्बाथशाळेत चार जमिनी म्हणजे चार प्रकारची माणसं, असं मुलांना सांगितलं. मी स्वतःच सांगितलं, वर्ग माझाच असतो. आज दुपारी जेवताना भाऊजी समोर होते. ते दोन-तीन वर्षांपासून उपासनेला येत नाहीत. कारण घरात कोणी विचारत नाही. लेक पोळी मोडता मोडता म्हणाली, "काका मुरमाची जमीन हाय ना, आई? आधी यायचा, आता नाही येत."

कोणी काही बोललं नाही. भाऊजींनी ताटात हात धुतला आणि उठले.

तिचा दोष नाही. माणसांना वाफ्यांत वाटायला मीच शिकवलं. सहा वर्षांचं पोर हाताने शिकतं तेव्हा जे शिकतं ते पक्कं शिकतं, आणि चुकीचं शिकवलं तर तेही तितकंच पक्कं होतं. संध्याकाळी भाऊजींची माफी मागितली. ते म्हणाले, "लेकरू हाय वहिनी." पण माझ्याकडे पाहिलं नाही.

१५ डिसेंबर

सकाळी उपासनेहून आलो तर भाऊजी धुऱ्याजवळ, त्या मुरमाच्या वाफ्यापाशी उकिडवे बसलेले. शेजारी घमेल्यात काळा, चिकट गाळ. लेक धावत गेली. मी थोडी मागे थांबले.

"हे काय होय, काका?"

"तळ्यातला गाळ. माह्या वावरात होतं तुह्यासारखंच मुरमाड. दोन उन्हाळे ट्रॅक्टरनं गाळ टाकला. यंदा पाहाले ये, हरभरा कसा हाय तं."

हे खरं आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१७ मध्ये आली आणि आमच्या भागात अनेकांनी तलावांतला गाळ माळरानाच्या वावरांत नेला. भाऊजींची दोन एकरं त्यात सुधारली. मी रोज त्या धुऱ्यावरून जाते. दाखला शिकवताना ती दोन एकरं मला आठवली नाहीत.

मी म्हटलं, वाफ्यात गाळ टाकला तर प्रयोग बिघडेल. लेकीने तोडगा काढला: जुना वाफा तसाच, त्याच्या शेजारी मुरमावरच पाचवा वाफा, लहान, वीतभर गाळाचा. २५ दाणे. उशिराची पेरणी आहे, नोव्हेंबरचं जोमाचं पीक येणार नाही, हे भाऊजींनी आधीच सांगितलं.

रात्री मत्तयाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचला. तिथे प्रभू पेरणाऱ्याबद्दल बोलतो. जमिनी मोजून शिक्के मारायला त्याने सांगितलेलं नाही.

२२ डिसेंबर

नाताळची तयारी, धडे बंद. चांदणीला बांबूच्या कामट्या बांधल्या, पाच टोकांचा हिशोब तिने केला.

फडक्यातले दाणे केव्हाच संपले. शेवटच्या दोनांत काही उरलं नव्हतं.

५ जानेवारी

गवताच्या वाफ्यात हराळी गुडघ्यापर्यंत आली असेल म्हणून वजन करायला गेले तर वाफा साफ. लेकीने चार दिवस दुपारी एकटीने बसून निंदलं होतं, कुंद्याच्या गाठींसकट. मला सांगितलं नाही, कारण मी नाही म्हणेन असं वाटलं तिला.

"दाखल्यात कोणीच काटे काहून नाही काढले?"

मला उत्तर आलं नाही. रविवारी चर्चच्या पाळकांना विचारायला सांगितलं. पाळक हसले नाहीत, विचारात पडले, आणि तिला म्हणाले, "मीबी शोधतो, बाई." त्या माणसाबद्दल माझा आदर फार वाढला.

१८ जानेवारी

वर्धा. पहाटेची एसटी. ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय आणि मग सेवाग्राम.

मगन संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झालं. लेकीला चरख्यांचे प्रकार आवडले, पण मी तिला नेलं होतं कुमारप्पांच्या गोष्टीसाठी. जे. सी. कुमारप्पा तंजावरचे, ख्रिस्ती घरातले, लंडनला हिशोबतपासनीस झालेले. गांधीजींनी १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा ते वर्ध्यातल्या मगनवाडीत येऊन राहिले. हातकुटीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल, यात खेड्याची ताकद आहे हे ते आकड्यांनी मांडत. येशूच्या शिकवणीवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आमच्या चर्चमधल्या मुलांना दूरदूरच्या मिशनऱ्यांची नावं पाठ आहेत, आणि शेजारच्या जिल्ह्यात राहून गेलेला हा माणूस कोणाला माहीत नाही. मला याचं वाईट वाटतं. लेकीला सांगितलं की हे आजोबा प्रभूला मानायचे आणि जात्यालाही. तिने लगेच विचारलं, "आपल्या घरचं जातं कोठी हाय?"

सेवाग्रामला बापूकुटीत ती जमिनीवरच्या चटईकडे बराच वेळ पाहत राहिली. मी बाहेर बसून विचार करत होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात परिषद भरली, आणि हाताच्या कामातून शिक्षण, ते मातृभाषेतून, ही नई तालीमची कल्पना तिथे पुढे आली. घरशाळा म्हटलं की लोक मला विचारतात, हे फॉरेनचं खूळ कुठून आणलं. आणलं ते सत्तर किलोमीटरवरून.

परतीच्या गाडीत झोपली. पायताण वर्ध्यालाच राहिलं.

२ फेब्रुवारी

दाणा दुधावर. चिमटीत दाबला की पांढरा चीक. रोही (नीलगायी) येताहेत, हे आणि भाऊजी आळीपाळीने जागली करतात. काळ्या वाफ्याचा एक कोपरा खाल्लाच.

वाटेवरची सहा रोपं बकरीने संपवली. वाटेचा वाफा इथे बंद.

६ मार्च

कापणी. विळा मी धरला, मूठ तिने. तिन्ही वाफ्यांच्या पेंढ्या वेगळ्या, चिंध्यांच्या तीन रंगांनी बांधल्या. एका कणसातले दाणे तिने उन्हात बसून काढले: ४२. त्या एका रोपाला पाच कणसं होती. पाच वेळा बेचाळीस ती चिंचोक्यांच्या ढिगांनी करायला बसली आणि दोनशे दहापर्यंत पोचली तेव्हा अंधार पडला होता. एका दाण्याचे दोनशे दहा! ती चिंचोके उचलूच देईना. रात्रभर ओसरीवर ते ढीग तसेच होते.

११ मार्च

बडवून, उफणून, वजन. किराणा दुकानात काट्यावर आधी शंभर दाणे ठेवले: ४ ग्रॅम. मग काळ्या वाफ्याचे गहू: ४६० ग्रॅम. ४६० मध्ये ४ किती वेळा जातात हे मी करून दिलं, ११५. म्हणजे पेरले त्याच्या एकशे पंधरा पट. गवताचा, म्हणजे तिने निंदलेला वाफा: ३१० ग्रॅम, सत्त्याहत्तर पटीच्या वर. मुरूम: ९ रोपं टिकली, १२ ग्रॅम, तीनपट.

दुकानदार दादांनी विचारलं हे कशाचं मोजमाप. लेकीने त्यांना दाखला सांगितला, सगळा, पक्ष्यांपासून. शेवटी म्हणाली, "आन् एक वाफा अजून बाकी हाय."

२७ मार्च

पाचवा वाफा कापला. २५ दाण्यांचे ४४ ग्रॅम. चव्वेचाळीसपट. भाऊजींनी आकडा दोनदा विचारला.

१६ एप्रिल

ईस्टर यंदा २० एप्रिलला. उद्या गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून मंडळीने मिळून पोळी खायची. पाळकांनी होकार दिला आहे की यंदाची पोळी लेकीच्या गव्हाची.

मामंजींच्या आईचं जातं गोठ्यातून काढलं, मागच्या महिन्यात पाथरवटाकडून टाकी लावून घेतली होती. मी खुंटा धरला, लेक जात्यात दाणे घालत होती, मूठ मोठी झाली की जातं अडायचं. मामंजी शेजारी बसून सांगत होते, यवतमाळला पाळक घडवणारी सेमिनरी होती तेव्हा ते तिथल्या स्वयंपाकघरात कामाला होते आणि प्रभुभोजनाचा पाव रात्री भाजायचे. सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. "तेव्हापासून असं दळण नाही पाह्यलं," म्हणाले. थोड्या वेळाने माझ्या हाताला बाजूला करून खुंटा त्यांनीच धरला.

काळ्या वाफ्याचे आणि निंदलेल्या वाफ्याचे गहू एकत्र दळले. मुरमाचे बारा ग्रॅमही घातले, लेकीच्या हट्टाने.

१७ एप्रिल

ताट तिने नेलं, दोन्ही हातांनी, दारापासून मेजापर्यंत. पाळकांनी मंडळीला सांगितलं की हा गहू कोणी पेरला.

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा कळत्या वयात घेतात आणि त्यानंतरच प्रभुभोजन. हे तिला माहीत होतं, मी आधी सांगितलं होतं. तरी ताट आमच्या रांगेपाशी आलं आणि तिच्यावरून पुढे गेलं तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "माह्या गव्हाची हाय, मलेच काहून नाही?" मी तिचा हात धरला. उत्तर दिलं नाही. मंडळीचा नियम मला मान्य आहे, आणि त्या क्षणी तो फार जड गेला, दोन्ही खरं आहे.

घरी तीन पोळ्या उरल्या होत्या. भाऊजी ओसरीवर होते, चर्चला आले नव्हते. तिने एक पोळी घेतली, आबाजींना तुकडा दिला, बाबाला, मला, काकाला, उरलेला स्वतः घेतला. काही बोलली नाही. भाऊजींनी तो तुकडा बराच वेळ हातात धरला होता, मग खाल्ला. मी गूळ आणायला उठले.

२२ एप्रिल

बियाणं राखून ठेवलं. काळ्या वाफ्याचे शंभर दाणे, निंदलेल्या वाफ्याचे शंभर, दळणाआधीच बाजूला काढले होते. गाळाच्या वाफ्याचे सगळे ४४ ग्रॅम. राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून तीन बाटल्या, बूच घट्ट. चिठ्ठ्या तिने लिहिल्या. पहिल्या दोन मी सांगितल्या तशा. तिसऱ्या बाटलीवर तिने स्वतःच लिहिलं, 'मुरूम' पहिल्यांदा न चुकता: मुरूम, गाळ, काका.

पावसाळ्यात त्या वाफ्यात तूर लावायची म्हणते. भाऊजींनी जूनच्या आत अजून दोन घमेली गाळ आणायचं कबूल केलं आहे.